जिलबीच्या पिशवीवर माझा आवाज

माझं नाव निवृत्ती, गाव परतूर तालुक्यात, स्टेशनापासून मोटरसायकलवर अर्धा तास, आता सडक झाली म्हणून अर्धा, आधीचं विचारू नका. आमच्या घराण्यात कॉलेजाची पायरी चढलेला मी पहिला. बी.ए., मराठी विषय, जालन्यात. हे मी दर वेळी सांगतो, लोक हसतात, हसू द्या, मला त्याची शरम न्हाई. माझ्या बापाला अक्षर येत नव्हतं पण चित्र येत होतं. दुकानात पाठवताना म्हणायचा, मोराची काडेपेटी आण, कंदिलाचा चहा आण, आणि पिशवीवर दुसरं काही दिसलं की परत धाडायचा. एकदा मी म्हणलं दादा, चहा तोच हाय, पुडी नवी काढली. तर म्हणला, तुला कसं ठाऊक, तू आत शिरला होता का? हे वाक्य ध्यानात ठेवा, मी पुढं त्याच्यावर येणार हाय.

मला देवानं एकच गोष्ट चांगली दिली, आवाज. घरात मी हाय म्हणतो, न्हाई म्हणतो, पण माइक हातात आला की आहे आणि नाही, एक एक अक्षर मोत्यासारखं सुटं. कॉलेजात गॅदरिंगला मीच. आमच्या खोलीत दिगंबर होता, मंठ्याकडचा, तोही शेतकऱ्याचाच. दोघांत एक स्टोव्ह, एक कुकर, त्याच्या घरून लसणाची चटणी यायची, माझ्या घरून ज्वारीच्या भाकरी, आठ दिवस पुरवून खायचो. त्याला इंग्रजी चांगलं, मला मराठी. मी त्याचे मराठीचे पेपर तपासायचो, तो माझे इंग्रजीचे अर्ज लिहून द्यायचा. म्हणजे काय सांगू तुम्हाला, माझी सही कुठं करायची हे त्यानंच दाखवायचं, ही सवय तेव्हापासूनची.

नवीन जालन्यात एका बियाण्याच्या कंपनीत नोकरी लागली ती आवाजावरच. शेठजी मारवाडी, म्हणजे पणजोबा राजस्थानातून आल्ते, शेठजी जन्मले जालन्यात, मराठी त्यांचं माझ्याहून कडक. मुलाखत कसली, गोदामाच्या अंगणात उभं केलं आणि म्हणले, ही पिशवी जोरात वाच. मी वाचली. तिकडं गाडीत पोते भरून राह्यले होते ते हमाल थांबले. शेठजी म्हणले, बस, हाच आवाज पाहिजे, जीपवर चढ.

त्या पिशवीवर चित्र होतं मुठीचं. चाड्यावर मूठ, म्हणजे पेरताना तिफणीवरच्या त्या लाकडी वाटीत बी सोडणारा हात असतो ना, तो. कंपनीचं नाव लांबलचक होतं, आजोबाचं नाव, मंग अँड सन्स, मंग सीड्स, कुणी घेत नव्हतं. दुकानात लोक यायचे, दोन बोटं दाखवायचे, म्हणायचे दोन मुठी दे. मी पहिल्याच आठवड्यात शेठजींना म्हणलं, भोंग्यावर तुमच्या आजोबांचं नाव घेत न्हाई मी, मूठ म्हणतो. शेठजी हसले, म्हणले आजोबा वारले, मूठ चालू दे.

आता माझी काम करायची पद्धत सांगतो, कारण सगळं भांडण तिच्यापायीच हाय. मृगाच्या आधी मी गावोगाव जायचो, पण पहिल्या फेरीला भोंगा बंद. पाराजवळ जीप उभी करायची, लोकांनी बोट ठेवलं ती पिशवी त्यांच्यासमोर फाडायची, शंभर दाणे मोजायचे, ओल्या गोणपाटावर दहा दहाच्या ओळी लावायच्या, गुंडाळायचं आणि गावातल्याच एका घरी ठेवायचं, सावलीत, बाईनं सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायचं. आठव्या दिवशी मी परत. सगळ्यांदेखत गोणपाट उघडायचं, कोंब आलेले दाणे मोजायचे. सत्तरच्या वर गेले तरच भोंगा चालू. आणि शेवटचं वाक्य ठरलेलं, गोणपाट मी स्वतः उघडून पाहिलं आहे. हे वाक्य मी गावागणिक म्हणायचो आणि गावागणिक खरं असायचं. दोनदा असं झालं की दाणे कमी निघाले, मी भोंगा न लावता जीप फिरवली, जालन्यात येऊन शेठजींना सांगितलं, तर त्यांनी तो अख्खा लॉट मागं घेतला, मला एक शब्द बोलले न्हाईत.

मंग लोक मला मूठवाला म्हणायला लागले. माझी थोरली बहीण, अक्का, दिली जांब समर्थच्या अंगाला एका गावात, तिथं तर दाजींनी रिवाजच पाडला. पेरणी आता ट्रॅक्टरवर होते पण पहिली मूठ हातानं सोडायची असते, पूजा करून, ती दाजी माझ्या हातानं सोडायला लावायचे. मी पोहोचेपर्यंत ट्रॅक्टर उभा. ड्रायव्हर कावायचा, दाजी म्हणायचे, थांब की, मूठ येऊन राह्यली.

शेठजी थकले. पोरी परदेशी, पोरगा न्हाई, कंपनीत बाहेरचे भागीदार आले आणि वर्षाभरात शेठजींची खुर्ची नुसती फोटोपुरती उरली. त्याच भागीदारांनी मार्केटिंगला दिगंबरला आणलं. मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू. म्हणलं आता आपला माणूस वर बसला. बायकोला सांगून त्याच्यासाठी लसणाची चटणी करून नेली.

दिवाळीनंतर आम्हाला सगळ्यांना हॉटेलात बोलावलं, मोठा पडदा, दिवे बंद, आणि पडद्यावर कंपनीचं नवीन चिन्ह आलं. हिरवा एक वेटोळा सुरू होतो, आपल्यातच शिरतो, त्याला चिकटून अर्धा गोल, त्याला शेपूट, वर टिंब. इंग्रजी बारकी अक्षरं होती म्हणे, एकमेकांत गुंतवलेली. टाळ्या झाल्या. मी हात वर केला, विचारलं, साहेब, हे म्हणायचं कसं? पुण्याहून आलेला तो चित्रवाला गोड हसला, म्हणला हे वाचायचं नसतं, अनुभवायचं असतं. मी म्हणलं बरोबर हाय, पण मी भोंग्यावर काय अनुभवू? हॉल हसला. दिगंबर हसला न्हाई, त्यानं माझ्याकडं नुसतं बघितलं, मला वाटलं कौतुकानं.

दुसऱ्या दिवशी त्यानं मला त्या चित्राचा मोठा कागद दिला, म्हणला, निवृत्ती, तुझ्याइतकं गावातलं कुणाला कळत न्हाई, जा, लोक याला काय म्हणतेत ते लिहून आण. मी महिनाभर फिरलो, वही केली. आजही हाय ती वही. जांब समर्थला देवळाबाहेर नारळवाली बाई म्हणली, जिलबी, त्यात काय विचारायचं. परतूरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, एक हमाल म्हणला, कोयता हाय, दोरी बांधलेला. एका हेडमास्तरांनी चष्मा पुसला, यू म्हणले, ओ म्हणले, मंग क्यू म्हणले, मंग म्हणले असा शब्द इंग्रजीत न्हाई, आणि माझ्यावरच चिडले. एका पोरानं मोबाईलचा कॅमेरा धरला तर मोबाईलनं गोगलगायींचे फोटो दाखवले. आता तुम्हाला माहीत हाय, गोगलगायी आमच्या सोयाबीनचा कोंब रात्रीतून कुरतडून टाकतेत. त्याचा बाप म्हणला, सोयाबीनच्या पिशवीवर गोगलगाय काढणारा कोण शहाणा, त्याला एकदा माझ्या वावरात पाठवा. आणि एका म्हातारीनं कागद उलटा केला, सुलटा केला, माझ्या हातात दिला आणि म्हणली, लेकरा, नाव घेता येत न्हाई, उद्या उगवलं न्हाई तर शिव्या कुणाला द्यायच्या?

मी ते वाक्य वहीत लिहिलं, खाली रेघ मारली आणि दिगंबरसमोर ठेवलं. म्हणलं, पंचवीस गावं झाली, एकालाही म्हणता आलं न्हाई. ज्याला मागता येत न्हाई तो घेणार कसा? मूठ राहू दे. तो वही वाचत बसला, गोगलगायीवर पोट धरून हसला, अगदी खोलीवर हसायचा तसा. मंग म्हणला, मूठ जाणार, ते वरून ठरलंय. पण तू मोठी गोष्ट शोधलीस. लोकांना वाचता येत न्हाई म्हणजे कुणीतरी वाचून दाखवायला पाहिजे. आणि त्यानं मला त्या वेटोळ्याचा उच्चार शिकवला. तीन अक्षरं. मी तुम्हाला सांगणार न्हाई, का ते पुढं कळंल.

औरंगपुऱ्याच्या एका स्टुडिओत नेलं मला, काचेची खोली, कानाला लावायचं यंत्र. म्हणला, दुसऱ्या तालुक्यांत नवीन पोरं घेतोय, त्यांना तुझ्यासारखं बोलता यावं म्हणून नमुना पाहिजे. मी ते नाव तीस वेळा म्हणलं, हळू, जोरात, हसून. मंग म्हणला, आता तुझी पूर्ण जाहिरात म्हण. मी म्हणलो. आणि शेवटच्या वाक्याला थांबलो. म्हणलं दिगू, हे कसं म्हणू, या सालाचं बी अजून आलं न्हाई, गोणपाट कुठंय? तो काचेच्या पलीकडून म्हणला, अरे, पोरांना शिकवायला हाय, शेवट नसला तर तुटतंय ते, म्हण की सवयीनं. मी विचारलं, हे गाडीवर तर लावणार न्हाई ना? तो म्हणला, तुझा आवाज तुला न विचारता कोण लावील?

म्हणलं मी. गोणपाट मी स्वतः उघडून पाहिलं आहे. एकदाच म्हणलं, आणि एकदाच पुरलं.

नंतर चार पानं दिली इंग्रजीत, पेन दिला, बोट ठेवलं, मी सही केली. माझा अडाणी बाप अंगठा लावायच्या आधी दहा जणांकडून कागद वाचून घ्यायचा. मी बी.ए., मी वाचलं न्हाई. मित्राच्या हातातून आल्ता ना कागद.

मे महिना आला. मी लॉट मागून राह्यलो, फेरीला जायचंय, गोणपाट लावायचे हायेत. आज येईल, उद्या येईल. जीप गॅरेजात. दिगंबर म्हणायचा, यंदा बी उशिरा येतंय, तू ऑफिसात बस. जून लागला, पाऊस चांगला पडला आणि मी चार दिवसांची रजा टाकून अक्काकडं गेल्तो. दुपारचं जेवून बसलो होतो. अक्का भांडे घासत होती. आणि रस्त्यावरून माझा आवाज आला.

कसं सांगू तुम्हाला. आपण गप्प बसलोय आणि आपणच बाहेर बोलून राह्यलोय. अक्काची नात टाळ्या पिटायला लागली, मामाआजा आला, मामाआजा आला, आणि मी तर तिच्या शेजारी. मी अनवाणी पळत गेलो. ऑटो होता, त्यावर भोंगा, त्याच्या अंगाला ती जिलबी रंगवलेली, चालवणारा कुणी अनोळखी, पेनड्राइव्ह लावलेला. माझ्या आवाजात तीन वेळा ते नाव आलं, मंग वाण आला, मंग, गोणपाट मी स्वतः उघडून पाहिलं आहे. मी त्याला म्हणलं बंद कर, हा माझा आवाज हाय. त्यानं मला वरून खाली बघितलं, म्हणला काका, मला आज बारा गावं करायचेत, बाजूला व्हा.

घरी आलो तर दाजींच्या ओसरीवर सहा पिशव्या. जिलबीच्या. मी म्हणलं दाजी, कधी आणल्या? म्हणले परवा, तू भोंग्यावर सांगितलंस तेव्हाच. मी म्हणलं ते मी न्हाई. दाजी म्हणले, मंग कोण, तुझा जुळा भाऊ? मी म्हणलं थांबा आठ दिवस, गोणपाट लावतो. ते म्हणले वावरात वाफसा हाय आज, पेरणीजोगी ओल, आठ दिवसांनी वाफसा थांबणार हाय का? तू एकदा सांग, बी बराबर हाय का न्हाई?

आता इथं मी खरं सांगतो, तुम्ही लिहून घ्या. मला ठाऊक नव्हतं. मी न्हाई म्हणायला पाहिजे होतं, मला ठाऊक न्हाई एवढं म्हणलो असतो तरी पुरलं असतं. पण कंपनी माझी, मित्र माझा, इतक्या वर्षांत शेठजींनी खराब बी सोडलं न्हाई. मी म्हणलं, बराबरच असंल दाजी, आतलं बी तेच असंल, पिशवी नवी काढली. दादाचं ते वाक्य मला तेव्हा आठवलं न्हाई. संध्याकाळी आठवलं. पहिली मूठ माझ्याच हातानं सोडली होती तोवर.

जीव खात होता म्हणून शंभर दाणे मी ठेवून घेतल्ते, गोणपाट लावलं, अक्कानं पाणी शिंपडलं. रजा वाढवली. आठव्या दिवशी उघडलं, दाजी शेजारी उकिडवे बसले होते. मी मोजत गेलो आणि तिसऱ्या ओळीला माझा आवाज बसला. चाळीसही न्हाई भरले. बाकीचे फुगून कुजलेले, वास येत होता. वावरात जायची गरज नव्हती, तरी गेलो. पेरलेल्या एका ओळीत चार झाडं, मंग हातभर काळी जमीन, मंग दोन झाडं. दाजींनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. नुसतं वाकून माती उकरून बघत होते, एका जागी, मंग दुसऱ्या.

मी जालन्याला आलो, तडक दिगंबरच्या केबिनीत. ओरडलो न्हाई, माझा आवाज मी तसा कधी वापरला न्हाई. विचारलं, का केलंस? त्यानं दार लावलं, पाणी दिलं, म्हणला मागच्या सालचं बी होतं, गोदामात राह्यलेलं, वरून दबाव होता, तू गोणपाट लावले असतेस तर एक पिशवी खपली नसती. म्हणलं, म्हणून मला ऑफिसात बसवलंस? त्यानं टेबलावरचे कागद सारखे केले. मंग मी म्हणलं, माझा आवाज काढ भोंग्यावरून.

तर तो म्हणला, आवाज तुझा हाय निवृत्ती, रेकॉर्डिंग कंपनीचं हाय.

आणि ती चार पानं काढून माझ्यापुढं ठेवली. इतक्या शांतपणे, की मला आमच्या खोलीवरचा तो स्टोव्ह आठवला, बंद केल्यावर थोडा वेळ नुसता फुसफुसायचा.

तिथून शेठजींच्या घरी गेलो. झोपाळ्यावर बसले होते. जिलबीची पिशवी मी त्यांना दाखवली. त्यांनी ती डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, म्हणले, माझी कंपनी हाय म्हणतेत, मला याचं नाव घेता येत न्हाई. मंग मुठीची एक जुनी कोरी पिशवी कपाटातून काढली, माझ्या हातात दिली आणि दुसरीकडं तोंड केलं.

आठवड्यानं अक्काच्या गावचे लोक तक्रार द्यायला तालुक्याच्या कृषी कार्यालयात गेल्ते, दाजी त्यांच्यात. मलाही कळलं, मीही गेलो, मागं उभा राह्यलो. साहेबानं विचारलं बियाणं कोणत्या कंपनीचं? एक म्हणला जिलबीवाली, एक म्हणला कोयता. टॅगवर नाव होतं, मुंगीसारख्या इंग्रजी अक्षरात, अर्ध्यांनी टॅग फाडून फेकलेला, बाकीच्यांचा घरी पिशवीलाच राह्यलेला. साहेब म्हणला, अहो नाव सांगा नीट, जिलबीवर तक्रार कशी घेऊ? सगळे एकमेकांकडं बघायला लागले. मला त्या म्हातारीची आठवण झाली. मंग मी पुढं झालो आणि ते नाव म्हणलं, भोंग्यावर म्हणतो तसं, एक एक अक्षर सुटं, आणि कागदावर मराठीत अन् इंग्रजीत लिहून दिलं. साहेब चमकला, म्हणला हा आवाज कुठंतरी ऐकलाय. मी म्हणलं, भोंग्यावर. तो मीच हाय, आणि गोणपाट मी उघडलं नव्हतं, हेही लिहा. साक्षीदार म्हणून खाली माझी सही. ही सही मी वाचून केली.

नोकरी तिथंच संपली, ते सांगायची गरज न्हाई. साहेब लोक वावरात येऊन पंचनामा करून गेले, पुढचं चालू हाय, चालू राहील. ते नाव मी तेव्हा शेवटचं घेतलं. पण काय सांगू तुम्हाला, मी घेत न्हाई, माझा आवाज घेतो. तक्रारीनंतर कंपनीनं गोणपाटाचं वाक्य कापलं, नाव तेवढं ठेवलं. बाजाराच्या दिवशी परतूरला ऑटो फिरतो, तीन वेळा, हळू, जोरात, हसून. आता लोकांना म्हणता येतं. अक्काची नात तर इतकं साफ म्हणते की बस. मीच शिकवलं की तिला, मी तिथं नसताना.

आता मी घरचीच शेती बघतो आणि मे महिन्यात मोटरसायकलवर फिरतो, मागं गोणपाटाची गुंडाळी बांधून. भोंगा न्हाई. कुणी आपल्या घरातलं बी आणो, कुणी विकतचं आणो, कोणत्याही चित्राचं, मी शंभर दाणे लावून देतो आणि आठव्या दिवशी येतो. काही गावात बसवतेत, चहा पाजतेत. काही गावात म्हणतेत, तुझं एकदा ऐकलंय. त्यांचं बराबर हाय.

आज अक्काचा फोन आल्ता. उद्या पेरणी हाय, जेवायला ये म्हणली. मी विचारलं दाजी काय म्हणले? म्हणली, ये म्हण, एवढंच. मुठीचं ती काही बोलली न्हाई, मीही विचारलं न्हाई. मी जाईन. गोणपाट आठ दिवसांमागंच लावून आलोय, अक्कानं पाणी शिंपडलंय, सकाळी सगळ्यांदेखत उघडीन, आकडा जो निघंल तो मोठ्यानं सांगीन आणि बांधावर बाजूला उभा राहीन. मूठ दाजींनी सोडू दे, त्यांच्या पोरानं सोडू दे, उगवण चांगली होवो, एवढंच. दिगंबरचंही वाईट चिंतत न्हाई मी, त्याच्या मंठ्याच्या वावरातही पाऊस वेळेवर पडो. फक्त तिथं पेरताना त्यानं माझा आवाज ऐकू नये, शंभर दाणे मोजून बघावेत.